खुराकाचं दूध: किती, कोणतं, कसं आणि कधी

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. समोर धार निघते आणि फेसाळ दुधाचा पेला थेट हातात येतो. कॉलेजात असताना मी नुकतीच जिम लावली होती. गल्लीतले एक जुने पैलवान मला म्हणाले, "नुसती लोखंडं उचलून काय हुतंय रं? दूध पी, अंग धरंल." मी मनावर घेतलं. रोज दीड लिटर म्हशीचं दूध, चार महिने. जिमला मात्र आठवड्यातून दोनदा, त्यातही अर्धा वेळ आरशासमोर. चार महिन्यांनी अंग धरलं खरं, पण सगळं पोटाकडून.

पैलवानांचा सल्ला चुकीचा नव्हता. मी त्यातला निम्माच घेतला होता. तालमीतला गडी पहाटे उठून शेकड्यांनी जोर-बैठका मारतो, हौद्यातली माती खणतो, जोडीदाराशी तास तास लढतो. दीड लिटर म्हशीच्या दुधात प्रोटीन साधारण ५५ ग्रॅम असतं, पण त्यासोबत शंभराच्या जवळपास ग्रॅम स्निग्धांश आणि सोळाशे कॅलरी येतात. पैलवानाच्या अंगात ते जळून जातं. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी पाऊण तास डंबेल उचलणाऱ्याच्या अंगात ते साठतं. आपल्याला दुधातलं प्रोटीन हवंय आणि बाकीचं सोसेल तेवढंच. त्यासाठी दूध कसं निवडायचं, घरच्या घरी ते जास्त प्रोटीनचं कसं करायचं आणि कधी प्यायचं, ते सांगतो.

आधी एक हिशेब डोक्यात ठेवा

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातला २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. वजनांच्या व्यायामात नवख्या असलेल्या ५६ तरुणांकडून १२ आठवडे, आठवड्याचे ५ दिवस मेहनत करून घेतली. व्यायामानंतर एका गटाला साय काढलेलं दूध दिलं, दुसऱ्याला तेवढ्याच प्रोटीनचं सोयाचं पेय आणि तिसऱ्याला तेवढ्याच कॅलरीचं, पण नुसत्या कर्बोदकांचं पेय. चरबी आणि हाडं सोडून अंगात जी भर पडली, ती दूधवाल्यांची सरासरी ३.९ किलो, सोयावाल्यांची २.८ आणि कर्बोदकवाल्यांची २.४ किलो होती. दूधवाल्यांची चरबीही जास्त उतरली.

दुधाची जाहिरात करणारे यातला ३.९ चा आकडा सांगतात. मी आधी २.४ कडे बघतो. ज्यांना पेयातून प्रोटीनचा कणही मिळाला नाही, त्यांचीही अंगकाठी भरली, ती व्यायामाने. दुधाने वर दीड किलोची भर घातली. दीड किलो काही थोडं नाही, पण ते खालच्या अडीच किलोंवर उभं आहे. त्याच विद्यापीठात पुढे बायकांवरही असाच अभ्यास झाला आणि तिथेही दूध पिणाऱ्या गटात स्नायू जास्त वाढले, चरबी घटली. 'दूध प्यायलं की बायका जाड होतात' म्हणणाऱ्या काकूंना हे जरूर ऐकवा.

त्यामुळे पायरी शून्य अशी: आठवड्यातून किमान तीन दिवस स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रोइंग असे मोठे व्यायाम, आणि वजन किंवा रेप्स (एका दमात किती वेळा उचललं ते) हळूहळू वाढताहेत याची वहीत नोंद. हे नसेल तर पुढचं वाचून चहात दूध घाला, तेवढं पुरे.

पायरी १: प्रोटीनचा खड्डा किती आहे ते काढा

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. वजनं उचलणाऱ्याची गरज जास्त. २०१८ साली ४९ अभ्यासांचा आणि १८०० हून जास्त लोकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास पोचल्यावर आणखी प्रोटीन घेऊन सरासरीने फार फायदा होत नाही. आपण हाच आकडा धरू. पोट बरंच सुटलेलं असेल तर आजच्या वजनाऐवजी जे वजन गाठायचंय ते धरा, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

आता ६५ किलोचा एक शाकाहारी मुलगा घ्या. त्याला हवेत ६५ गुणिले १.६, म्हणजे १०४ ग्रॅम. तो खातो काय? सकाळी बशीभर पोहे, वर शेंगदाणे: पाच-सहा ग्रॅम. डब्यात तीन पोळ्या, भाजी आणि वाटीभर मटकीची उसळ: एकोणीस-वीस. चारला चहा-बिस्किटं: दोन. रात्री दोन पोळ्या, भात, घट्ट वरण, वाटीभर दही: वीस. एकूण पन्नासच्या आतबाहेर. आपलं जेवण वाईट नाही. पण खड्डा ५० ग्रॅमचा आहे.

तो सगळा दुधाने बुजवायच्या फंदात पडू नका. निम्मा दुधाने भरा आणि निम्मा ताटातून: उसळ दुप्पट करा, शंभर ग्रॅम पनीर घ्या (अठरा ग्रॅम), अंडी चालत असतील तर तीन अंडी घ्या (तीही अठरा). मांस-मासे खाणाऱ्या घरात खड्डा मुळातच लहान निघेल. रत्नागिरीचा माझा मित्र दुपारी बांगडा आणि रात्री अंडी खातो. त्याला साधा एक पेला दूध पुरतं, आणि मी हे सगळं सांगायला लागलो की तो हसतो.

पायरी २: पिशवी निवडा

दुधाचा रंग, घट्टपणा, सायीचा थर यांवर आपण भाळतो. पण हे सगळं स्निग्धांशाचं काम. प्रोटीनमध्ये पिशव्या-पिशव्यांत फरक थोडा असतो. गाईच्या शंभर मिलीत सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, म्हशीच्या पावणेचार. फुल क्रीममध्ये स्निग्धांश किमान ६ टक्के, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड आणि स्किम्डमध्ये जास्तीत जास्त अर्धा टक्का. डबल टोन्ड पातळ लागतं म्हणून लोक नाक मुरडतात, पण प्रोटीनच्या बाबतीत ते फुल क्रीमच्या मागे नाही.

माझा सरळ सल्ला: वजन कमी करता करता ताकद वाढवायची असेल तर डबल टोन्ड किंवा स्किम्ड, आहे ते वजन ठेवायचं असेल तर टोन्ड. कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही अशा काटकुळ्या मुलाने खुशाल म्हशीचं प्यावं. त्याला कॅलरीही हव्यातच, आणि दुधाइतक्या सहज त्या कशातून जाणार? घरी म्हशीचंच येत असेल तर तापवून, थंड करून, फ्रिजमध्ये ठेवून साय काढा. सायीबरोबर प्रोटीन फारसं जात नाही. सायीचं लोणी-तूप घरच्यांना द्या.

कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाबद्दल बोलायलाच हवं, कारण मी ते चार महिने प्यायलोय. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि जनावरांचा क्षय माणसाला होऊ शकतो. धारोष्ण दुधात वेगळी ताकद असते म्हणतात, पण तापवल्याने प्रोटीनचं पोषण काही जात नाही. मी आता कट्ट्यावरचं दूध किटलीतून घरी नेतो आणि तापवून पितो. सुटं दूध घेत असाल तर एक थेंब गुळगुळीत तिरक्या पृष्ठभागावर सोडून पाहा. चांगलं दूध सावकाश ओघळतं आणि मागे पांढरी रेघ सोडतं. पाणी घातलेलं रेघ न सोडता पटकन घसरतं. पाण्याबरोबर पैसे जातात तसं प्रोटीनही जातं.

पायरी ३: घरच्या घरी जास्त प्रोटीनचं दूध

बाजारात 'हाय प्रोटीन' म्हणून मिळणारं दूध दोन प्रकारे बनतं. एकात दूध बारीक गाळणीतून नेऊन त्यातलं पाणी आणि साखर कमी करतात, म्हणजे प्रोटीन दाट होतं. अमेरिकेत राहणाऱ्यांना फेअरलाइफचं दूध माहीत असेल. ते याच प्रकारचं, २४० मिलीत १३ ग्रॅम प्रोटीन. दुसऱ्या प्रकारात वरून दुधाचं प्रोटीन मिसळतात. हा दुसरा प्रकार घरी करता येतो आणि त्याला लागते साय काढलेल्या दुधाची पावडर, म्हणजे स्किम्ड मिल्क पावडर. तिच्या शंभर ग्रॅममध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं.

दुकानात इथेच घोटाळा होतो. 'दूध पावडर द्या' म्हटलं की दुकानदार हमखास डेअरी व्हाइटनर पुढे करतो. ती चहासाठीची पावडर. तिच्यात साखर घातलेली असते, स्निग्धांश असतो आणि प्रोटीन बरंच कमी. पाकिटाच्या मागे बघा. घटकांत साखर लिहिली असेल तर परत ठेवा. प्रोटीनच्या रांगेत शंभर ग्रॅमला ३४-३६ असा आकडा असेल तर घ्या. सुटी पावडर घेऊ नका. २००८ साली चीनमध्ये प्रोटीनचा आकडा फुगवायला दुधात मेलामाइन मिसळलं गेलं आणि लहान मुलं दगावली. तेव्हापासून मी सीलबंद पाकिटाशिवाय पावडर घेत नाही.

एका पेल्याचं प्रमाण: टोन्ड दूध ३०० मिली, स्किम्ड मिल्क पावडर ४० ग्रॅम. दुधातून साडेनऊ ग्रॅम आणि पावडरीतून चौदा, असं २३-२४ ग्रॅम प्रोटीन होतं. कॅलरी सव्वातीनशेच्या आत. डबल टोन्ड घेतलं तर आणखी कमी.

पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ४० ग्रॅम मोजा आणि ते तुमच्या घरच्या चमच्याने किती चमचे होतात ते डब्यावर लिहून ठेवा. कुणाचा चमचा सपाट, कुणाचा शिगोशीग, त्यामुळे 'चार चमचे' या सल्ल्याला अर्थ नाही. पेलाही एकदा पाण्याने मोजून घ्या. आमच्याकडचा स्टीलचा पेला मी वर्षभर २५० चा समजत होतो, तो निघाला १८० चा.

आता गुठळ्यांचं. उकळत्या दुधात पावडर टाकली की ती गोळा होऊन वर तरंगते आणि तळाला लागते. आधी पावडर वाटीत घ्या, चार-पाच चमचे गार किंवा कोमट दूध घालून पेस्ट करा. पिठल्याला बेसन कालवतो तशी, एकही गुठळी न ठेवता. मग ती तापवून कोमट झालेल्या दुधात सोडा आणि रवीने घुसळा. शेकर असेल तर आधी दूध, वरून पावडर. उलटं केलं की तळाशी लगदा बसतो. सगळ्यात सोपं म्हणजे रात्रीच कालवून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळपर्यंत पावडर पूर्ण मुरते, खरखर जाते आणि चव दाट होते.

पावडरीच्या दुधाला मूळचाच गोडवा असतो, त्यामुळे साखर लागत नाही. वेलची, जायफळ, चिमूटभर हळद किंवा अर्धा चमचा कॉफी घाला. केळं कुस्करून घातलं तर व्यायामानंतरची कर्बोदकंही मिळतात. दूध-केळं विरुद्ध आहार आहे असं आयुर्वेद मानणारे सांगतात, आणि मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या शिकरण-पोळी खात आली आहेत. तुम्हाला सोसत असेल तर खा. मुलांची उंची वाढवायला म्हणून खपणाऱ्या चॉकलेटी पावडरी मात्र या पेल्यात नकोत. दोन चमच्यांत प्रोटीन जेमतेम दोन-तीन ग्रॅम, बाकी बहुतेक माल्ट आणि साखर.

आणि थंडाई? तालमीतली थंडाई मला प्रिय आहे: भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे, कुंडीत रगडून दुधात कालवलेले. पण दहा बदामांतून अडीच ग्रॅम प्रोटीन मिळतं हेही खरं. रविवारी थंडाई करा, चवीसाठी करा आणि त्यातही पावडर कालवा. पैलवानांना सांगू नका.

पैशाचं गणितही एकदा मांडा. समजा दूध ५६ रुपये लिटर आणि पावडर ५०० रुपये किलो मिळते. लिटरभर दुधात ३२ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ग्रॅमला पावणेदोन रुपये. पावडरीच्या किलोत ३५० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला एक रुपया चाळीस पैसे. तुमच्या गावचे दर घालून हाच भागाकार व्हे प्रोटीनच्या (पनीरच्या पाण्यातल्या प्रोटीनच्या पावडरीच्या) डब्यालाही लावा, तयार 'हाय प्रोटीन' दुधाच्या डबीलाही लावा. डब्यावरच्या किमतीपेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो.

पायरी ४: कधी प्यायचं

जिममध्ये एक धास्ती असते की व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्रोटीन गेलं नाही तर मेहनत वाया. कपडे बदलायच्या खोलीत शेकर हलवणारी मुलं पाहिली की मला त्यांची दया येते. दिवसभराचा एकूण आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तो साधारण चार वेळांत वाटला गेला तर उत्तम. व्यायामानंतर तास-दोन तासांत पेला गेला तरी काही बिघडत नाही.

तरी मी व्यायामानंतरच पितो, कारण तेव्हा लक्षात राहतं. घामाने गेलेलं पाणी आणि क्षारही दुधातून भरून निघतात. व्यायामाआधी भरपेट दूध नको. स्क्वॉटला वाकलात की ते घशाशी येतं. प्यायचंच असेल तर दीड तास आधी, तेही अर्धा पेला.

झोपण्यापूर्वीचा पेला मात्र जुन्या माणसांनी बरोबर धरला होता. दुधातल्या प्रोटीनचा चार पंचमांश भाग केसिन असतो. पोटातल्या आम्लात तो दह्यासारखा विरजतो आणि सावकाश पचतो. उरलेला पाचवा हिस्सा व्हे, म्हणजे पनीर करताना जे हिरवट पाणी सुटतं त्यातलं प्रोटीन, ते झपाट्याने पचतं. नेदरलँड्समध्ये केलेल्या प्रयोगांत संध्याकाळी व्यायाम करून झोपण्याआधी केसिन घेतल्यावर रात्रभर स्नायूंची बांधणी वाढलेली दिसली. पण तिथे मात्रा ४० ग्रॅमची होती. हळदीच्या दुधाच्या छोट्या कपातून ती मिळणार नाही. रात्रीच्या जेवणात प्रोटीन कमी पडलं असेल तर हा पेला घ्या. घट्ट वरण, उसळ, पनीर झालं असेल तर झोपा.

पायरी ५: पोटाचं ऐका

वरच्या पेल्याचा एक दोष आहे आणि तो पावडर सुचवणारे सहसा सांगत नाहीत. पावडरीत प्रोटीन ३५ टक्के असतं तसं लॅक्टोज, म्हणजे दुधाची साखर, ५० टक्क्यांच्या आसपास असते. त्या एका पेल्यात चौतीस-पस्तीस ग्रॅम लॅक्टोज जातं. आपल्याकडे मोठेपणी लॅक्टोज नीट न पचणारी माणसं पुष्कळ. त्यातल्याही बऱ्याच जणांना १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साध्या कपभर दुधाएवढं, चालून जातं. पण एकदम पस्तीस गेले की पोट गुडगुडतं, फुगतं आणि पुढचं सांगायला नको.

म्हणून चढत जा. पहिला आठवडा पावडर १० ग्रॅम, मग २०, मग ३०, मग ४०. नुसतं न पिता पोळी-केळ्यासोबत किंवा जेवणानंतर घ्या, घोट घोट प्या. २० ग्रॅमवरच त्रास सुरू झाला तर तिथेच थांबा. लॅक्टोज-मुक्त दूध आता मोठ्या शहरांत सहज मिळतं, ते वापरून पाहा. नाहीतर दुधाऐवजी चक्का घ्या. दही टांगलं की पाण्याबरोबर लॅक्टोज बरंच निघून जातं आणि प्रोटीन मागे राहतं. साखर न घालता, जिऱ्याची पूड आणि मीठ घालून तो भाकरीशी सुरेख लागतो. पनीर तर आहेच. पातळ ताकावर भिस्त ठेवू नका.

दूध अजिबात नको असेल तर सोया दूध. त्यात शंभर मिलीत तीन-साडेतीन ग्रॅम प्रोटीन असतं, जवळजवळ गाईच्या दुधाएवढं. बदाम दूध म्हणून जे डब्यात मिळतं त्यात बहुतेकदा एक ग्रॅमही नसतं.

काही जणांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीन वाढवणं धोक्याचं आहे. धडधाकट माणसाला एवढ्या प्रमाणाची भीती नाही. दुधाची अॅलर्जी ही लॅक्टोजपेक्षा वेगळी आणि जास्त गंभीर गोष्ट आहे, तिथे 'थोडं थोडं पिऊन बघू' करायचं नाही. मधुमेह असेल तर पेल्यातली कर्बोदकं दिवसाच्या हिशेबात धरा. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती दुधासोबत गिळू नका, कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही. थायरॉइडच्या गोळीत आणि या पेल्यात चार तास तरी जाऊ द्या.

पायरी ६: वहीत तीन आकडे

दर रविवारी सकाळी, काही खाण्यापिण्याआधी, दोन आकडे लिहा: वजन आणि बेंबीपाशी कमरेचा घेर. तिसरा आकडा जिममधला, स्क्वॉट किंवा डेडलिफ्टला पाच रेप्स नीट निघाल्या ते सगळ्यात मोठं वजन. बारा आठवडे हे करा. रोज वजनकाट्यावर उभं राहू नका, पाण्याच्या चढ-उताराने जीव उगाच खाली-वर होतो.

उचललं जाणारं वजन वाढतंय, अंगाचं वजन आठवड्याला पाव किलोच्या आसपास चढतंय आणि कंबर तिथेच आहे, तर काही बदलू नका. तिन्ही आकडे जागचे हलत नाहीत, तर खाणं एकूणच कमी पडतंय. पेल्यात केळं आणि मूठभर शेंगदाणे वाढवा, टोन्डवरून फुल क्रीमवर जा. वजन आणि कंबर वाढतेय पण डेडलिफ्ट हलत नाही, तर तुमचं माझ्यासारखं चाललंय. पावडर तशीच ठेवून दूध डबल टोन्ड करा, संध्याकाळची बिस्किटं सोडा आणि जिममध्ये आरशाकडे पाठ करून उभे राहा. अंगाचं वजन चार-पाच किलोंनी बदललं की पहिल्या पायरीचा गुणाकार नव्याने करा.

प्रवासात मी ४०-४० ग्रॅमच्या पुड्या बांधून नेतो. एसटी हॉटेलला थांबली की 'बिनसाखरेचं दूध, पेलाभर' मागायचं आणि आधी सांगायचं की फार गरम नको. पांढरी पूड कालवताना शेजारचा माणूस संशयाने बघतो, त्याला अर्धा पेला देऊ करायचा.